हिलालआबा आणि बाहेरचे

हिलालआबांच्या समोरून काहीही न्या, ते आधी त्याचं मूळ गाव विचारतात. माणसाचं तर विचारतातच, पण गॅसच्या सिलिंडरचं विचारतात, बटाट्याचं विचारतात. एकदा मी एक कुंडी वर नेत होते. आबांनी जिन्यात अडवलं.

"बाई, हे झाड मूळचं कुठलं?"

"नर्सरीतलं, आबा."

"नर्सरी झाली आत्ताची. मूळ?"

मी म्हटलं, माहीत नाही. आबांनी त्या झाडाकडे असं रोखून पाहिलं, की बिचाऱ्यानं त्या आठवड्यात चार पानं गाळली.

टोकरखाड्यातल्या आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत. तळमजल्यावर आबा आणि त्यांच्या डोक्यावर मी. मी गुहागरकडची, इथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवते. माझ्या शेजारी मिश्राजी, ते बनारसकडचे. वरच्या मजल्यावर केरळच्या लीलाम्मा सिस्टर आणि ओडिशाचं साहू कुटुंब. सिल्वासात इमारती असतात तशीच ही एक. कोणाचाच आजोबा इथं जन्मलेला नाही.

आबा स्वतः अमळनेरजवळच्या खेड्यातले. बाविसाव्या वर्षी इथं आले, इथल्याच सायली गावातल्या एका सूत कंपनीत चिकटले आणि रिटायर होऊनच गेटबाहेर पडले. उभा जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते कानात सांगतात ते गुपितही तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतं. त्यांच्या पत्नी, कमलमाई, सुरतेला मुलाकडे असतात. नातीला सांभाळायला म्हणून महिनाभरासाठी गेल्या, त्याला आता चार वर्षं झाली.

तर मूळ गाव विचारण्याचा हा छंद आबांना पहिल्यापासून नव्हता. तो लागला आमच्या कोपऱ्यावरचं गाद्यांचं दुकान बंद पडून तिथं एका नव्या पक्षाचं कार्यालय उघडलं तेव्हा. पक्षाचं नाव 'आधी आपले'. पक्षाचं म्हणणं अगदी सोपं होतं. आपलं सगळं छान चाललं होतं, मग बाहेरचे आले. ते नेमके कधी आले, ही तारीख मात्र पक्षानं दिली नव्हती. ही सोय फार मोठी होती. ज्यानं त्यानं आपण आलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख धरायची.

आबांनी पहिल्याच आठवड्यात सभासद होऊन पक्षाचा डाळिंबी गमछा गळ्यात घातला, तो उतरवलाच नाही. बनियनवर गमछा, स्वेटरवर गमछा, कांद्याला फोडणी देताना गमछा. आणि जगातल्या प्रत्येक दुःखाचं कारण त्यांना एकदम सापडलं. वीज गेली, बाहेरचे. नळाला पाणी कमी, बाहेरचे. एकदा पाय खाजवत म्हणाले, "बाई, मी काय म्हनस, हे डास इथले नाहीत. इथला डास असा चावत नाही."

"आबा, मग तुम्ही कुठले?"

"मी? मी इथलाच ना भो. चाळीस वर्षं झाली."

"आणि मी?"

आबा जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तुम्ही मास्तरीण. मास्तर लोक कुठलेच नसतात."

या तपासात एकच बाई पूर्ण उतरली. इथल्याच खेरडी गावाहून भाजी घेऊन येणारी रवलीबेन. आबांनी तिला विचारलं, मूळ कुठलं? ती म्हणाली, खेरडी. बापाचं? खेरडी. बापाच्या बापाचं? खेरडी. आबा खूश झाले. तेवढ्यात रवलीबेननं मेथीची जुडी झटकत सहज विचारलं, "अने तमे? तुम्ही कुठले?"

आबा म्हणाले, "ती मेथी दे इकडे. ताजी शे का?"

पुढं नगरपालिकेची निवडणूक लागली आणि पक्षानं आबांवर मोठी जबाबदारी टाकली. इमारतीतल्या बाहेरच्यांची यादी करायची. आबांचं अक्षर कंपनीत फक्त हजेरीच्या सहीपुरतं वापरलेलं, त्यामुळे छापील फॉर्म आणि पेन घेऊन ते माझ्याकडे आले. यादी करायचा माझा मुळीच विचार नव्हता, पण आबा काय करतात ते पाहायचं होतं.

"पहिलं नाव?" मी विचारलं.

"मिश्रा," आबा कडाडले. मग लगेच आवाज खाली आला. म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. "नको, मिश्रा राहू द्या. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तोच गाडीवर बसवून घेऊन गेलता."

"लीलाम्मा?"

"बाई, काय बोलता! माझं बीपी कोण बघेल?"

"साहू?"

"त्यांची पोरगी माले दादू म्हनस. काटा, काटा."

"अजून लिहिलंच नाही, तर काटू काय?"

असं करत बसल्या जागी आम्ही बाराही दारं हिंडलो. फॉर्म कोरा तो कोराच. आबा अस्वस्थ झाले.

"आबा, मग बाहेरचे नक्की कोण?"

"ते पलीकडच्या बिल्डिंगमध्ये असतात," आबा म्हणाले. "तुम्ही असं लिहा, तपास चालू आहे."

मतदानाच्या आधीच्या रविवारी आमच्याच आवारात सभा होती. मी सरकारी नोकर. सभेला जायचं नाही. पण गॅलरीत कपडे वाळत घालायला कोणाची बंदी आहे? मी चार टॉवेल दोन तास वाळत घातले. आबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, गमछा धुतलेला. पक्षाचे मोठे नेते आले होते ते थेट दिल्लीहून. त्यांनी हिंदीत सांगितलं, की बाहेरच्यांपासून सावध राहा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग नेत्यांनी स्थानिक कार्यकर्त्यांच्या सत्कारासाठी नावं वाचायला घेतली. दोन नावं झाली आणि ते कागदाशी थबकले.

"हिलाल? ये हिलाल कौन है? ये तो दूसरे मज़हब का नाम है। हमारे बीच में?"

मी टॉवेल हातात धरून तशीच उभी.

आता खानदेशात हिलाल नावाचे हिंदू ढिगानं आहेत, हे अमळनेरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दिल्लीला माहीत नव्हतं. आबा उठले. "साहेब, मैं हिलाल. हिलाल पुंडलिक. मेरा मामा हिलाल. हमारे गाव के महादेव का पुजारी, वो भी हिलाल. शाळा में एक बाकपर हम तीन हिलाल थे!"

"कोई काग़ज़ है?"

आबांनी खिसे चाचपले. कागद आत घरात होते. घर दहा पावलांवर होतं. पण आबांना ती दहा पावलं चालता येईनात. यंत्रांच्या वर चढणारा तो आवाज कुठं गेला कोणास ठाऊक. ते नुसते "साहेब, साहेब" म्हणत राहिले.

तेवढ्यात मिश्राजी खिडकीतून ओरडले, "अरे नेताजी, ये हमारे आबा हैं! हम गारंटी देते हैं!" वरून लीलाम्मा मल्याळममध्ये काहीतरी बोलल्या. कोणाला कळलं नाही, पण चांगलं नव्हतं एवढं कळलं. साहूंची छोटी कठड्याला लटकून "दादू, दादू" करायला लागली. मी सरकारी नोकर असल्याचं विसरून मराठीत ओरडले आणि माझा एक टॉवेल सरळ व्यासपीठावर पडला.

नेत्यांनी वर बघितलं. "आप सब लोग कहाँ के हैं?"

बारा बिऱ्हाडांतून बारा गावांची नावं एकाच वेळी आली. नेते गडबडले. पक्षाच्या इथल्या सेक्रेटरीनं त्यांच्या कानात काही सांगितलं, कोणीतरी घाईघाईनं "भारत माता की" म्हटलं आणि सभा उरकली. सत्काराचा नारळ आबांना मिळाला नाही.

मला वाटलं, सुटलो. आता तो गमछा जमीन पुसायला जाईल. पण बुधवारी, मतदानाच्या दिवशी, आबा तोच गमछा घालून शाळेकडे निघालेले दिसले. पुढं निकाल लागला, पक्षाचा माणूस आपटला आणि आठवड्याभरात कार्यालयाला कुलूप लागलं. गाद्यांचा दुकानदार परत आला.

एका संध्याकाळी मी खाली गेले. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मला राहवलं नाही.

"आबा, खरं सांगा. मत कोणाला दिलं?"

"त्यासलेच," आबा म्हणाले.

"एवढा अपमान होऊनही? आबा, त्यांनी तुम्हाला बाहेरचं ठरवलं होतं!"

"हो."

"मग?"

आबा हळू बोलले. इतकं हळू, की ते मला एकटीलाच ऐकू आलं. आबा असं बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं.

"बाई, कंपनीत माझा एक नंबर होता. सुपरवायझर नंबरनंच हाक मारायचा. रिटायर झालो, नंबर पण गेला. पोरगा फोनवर विचारतो, गोळ्या घेतल्या का. मी माईला फोन द्यायला सांगतो तर ती नातीला भरवत असते. चांगली माणसं शेत बठ्ठी, इथली सगळीच, मी काही म्हणत नाही. पण ते कार्यालय उघडलं ना, तेव्हा तो सेक्रेटरी या दारात आला. चप्पल काढून आत बसला. म्हणाला, आबा, या गावाचं काय बिघडलंय असं वाटतं तुम्हाला? माले विचारलं त्यानं. मी दोन तास बोललो, बाई. त्यानं वहीत लिहून घेतलं."

"पण त्यांचं ते बाहेरच्यांचं सगळं खोटं होतं, आबा."

"ते माले कळत नाही का?" आबा म्हणाले. "कळत होतं. पण रोज सहा वाजता तिथं माझी खुर्ची ठेवलेली असायची. दुसरं कोणी बसलं तर उठवायचे."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. वर्गात मी नागरिकशास्त्रही शिकवते. पण मी या इमारतीत अकरा वर्षं राहत होते आणि आबांच्या घरात आतून कोणता रंग दिलाय हेही मला ठाऊक नव्हतं. मिश्राजी त्यांना दवाखान्यात नेत, लीलाम्मा बीपी बघत. मी जिन्यातून जाता-येता "काय आबा, बरं ना?" म्हणत असे आणि उत्तर यायच्या आत वर पोचत असे.

"येते मी," मी म्हटलं. पोळ्या व्हायच्या होत्या.

"बाई, जरा थांबा. एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं."

"काय?"

आबांनी खूप आठवून पाहिलं. डोकं खाजवलं, रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कसनुसं हसून उठले, आतून दुसरी खुर्ची आणून शेजारी ठेवली आणि तिच्यावरची धूळ हातानं पुसायला लागले.

मी बसले.