घाडींची गाडी दोन बोटं खाली

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत सकाळी देवाला हात जोडणारे पुष्कळ होते, पण चाकासमोर उकिडवे बसणारे एकटे घाडी. कामावर निघण्याआधी ते आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या एकेका चाकापाशी बसत आणि टायर नि वरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत बोटं घालून बघत. बोटं नीट बसली की "बेतात आहे" असं स्वतःशीच म्हणत आणि रुमालाला हात पुसत. नव्या वॉचमनला बरेच दिवस वाटत होतं, या साहेबांचं रोज काहीतरी चाकाखाली हरवतं.

घाडी मूळचे कणकवलीकडचे. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. पन्नाशीला टेकलेले, तेल लावून पाडलेला भांग, खिशाला लाल नि निळं अशी दोन पेनं. अशा माणसानं गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा काढून जरा आखूड, जरा कडक स्प्रिंगा बसवाव्यात आणि चांगली उंच गाडी मुद्दाम दोन बोटं खाली आणावी, हे कोणाच्या गळी उतरेना. असले उद्योग तेव्हा कॉलेजची पोरं करायची. त्यांच्या मागच्या काचेवर विंचू असायचा आणि आतून धाडधाड गाणी यायची. घाडींच्या काचेवर गणपती होता आणि आतून यायच्या त्या रेडिओवरच्या बातम्या.

"साहब, हवा कम है," वॉचमन सांगायचा.

"हवा बरोबर आहे. गाडी नीट बसलीय," घाडी म्हणायचे. "इतके दिवस उभी होती बिचारी."

पहिल्या गॅरेजवाल्याशी त्यांचं तिथल्या तिथे वाजलं होतं. तो म्हणाला, "नव्या स्प्रिंगा कशाला? आहे त्याच कटरनं कापून देतो."

"कापायला तो काय दुधी आहे?" असं म्हणून घाडी गाडीसकट परत आले. मग मुंबईहून तयार स्प्रिंगा मागवल्या, दुसऱ्या गॅरेजात बसवल्या, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, ते पसंत पडलं नाही म्हणून पुन्हा करून घेतलं. तिथल्या मेकॅनिकनं उत्साहानं आणखी खाली आणायची तयारी दाखवली, तर घाडी म्हणाले, "नको. बेतानं. जास्त कडक झाली तर हाडं वाजतील. वळणावर कलायला नको, तेवढं बघ."

गाडी आल्यावर त्यांनी मला चक्कर मारायला नेलं. मागच्या सीटवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. आगाशीच्या वळणांवर त्यांनी गाडी डावी-उजवी घातली.

"सामंत, काय वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"तसं नव्हे. पोटात. पोटात काय वाटतंय?"

"भूक लागलीय," मी म्हणालो. ते एवढे खूश झाले की त्यांनी मला तिथेच मिसळ खाऊ घातली.

खरी अडचण पुढे आली. सोसायटीनं फाटकापाशी गतिरोधक बांधला. बांधणाऱ्यानं सिमेंट उरलं म्हणून सगळं त्यावरच ओतलं असावं. इतरांच्या गाड्या उसासे टाकत पार व्हायच्या. घाडींच्या गाडीचं पोट घासलं. तो आवाज झाला तेव्हा घाडींनी स्वतःचं पोट धरलेलं मी पाहिलंय.

सर्वसाधारण सभेत ते उठले. "माझी सूचना आहे. गतिरोधक दोन बोटं कमी करावा."

सेक्रेटरी कर्णिक मिस्कील माणूस. "घाडीसाहेब, तुम्ही गाडी दोन बोटं वर करा. सोसायटीचा खर्च वाचेल."

सभा हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "या वयात कसले हे शौक!" घाडींच्या मिसेस, शैलावहिनी, बायकांत बसल्या होत्या. त्यासुद्धा हसून म्हणाल्या, "नादच आहे यांना. मी तर बोलायचं सोडलंय."

घाडींनी लाल पेन काढलं, परत खिशाला लावलं आणि बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डिकीत दोन उतरत्या फळ्या ठेवल्या. फाटकापाशी उतरायचं, फळ्या लावायच्या, गाडी अलगद चढवायची, फळ्या उचलायच्या. मागे हॉर्न वाजत राहायचे. ते मागच्यांना हात जोडायचे, पण फळ्या लावायच्याच.

मग एका रविवारी मला घरच्या शेतातला तांदूळ हवा होता. शैलावहिनींचं माहेर चांदीपचं, तिथे त्यांची भातशेती. त्यांची आई तिथे अंथरुणाला खिळली होती आणि वहिनी दर रविवारी तिला आंघोळ घालायला, वेणीफणी करायला जायच्या. "चला आमच्याबरोबर," घाडी म्हणाले.

मी मागे बसलो, वहिनी पुढे. महामार्ग ओलांडला आणि वळणं सुरू झाली. घाडी बोलायचे थांबले. एकेक वळण असं घेत होते, जणू मांडीवर कोणी झोपलंय.

"पूर्वी मला गाडी इतकी लागायची ना, भाऊजी," वहिनी मागे वळून म्हणाल्या. "आता सवय झाली बघा. काही होत नाही."

एवढं बोलून त्यांनी मान टेकली आणि थोड्या वेळात त्यांना खरोखरच झोप लागली. मी आरशात घाडींकडे पाहिलं. त्यांनी नजर रस्त्यावरून काढली नाही.

चांदीपला गाडी अंगणात थांबली. वहिनी जाग्या झाल्या, पदर सारखा केला आणि तरातरा आत गेल्या. आम्ही दोघं ओट्यावर टेकलो.

"अहो, हे सभेत सांगायचं होतं," मी म्हणालो.

"बायकोची ओकारी सभेत काढू?" घाडी हळूच म्हणाले. "कर्णिक ती इतिवृत्तात लिहायचा."

"निदान वहिनींना तरी?"

त्यांनी दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "तिला सांगितलं तर ती लक्ष ठेवेल. लक्ष गेलं की लागते. सवय झाली म्हणते ना, झाली तर झाली." मग ओट्यावर हात फिरवत म्हणाले, "पूर्वी इथे आली की या ओट्यावर आडवी व्हायची. तिला उठवतच नसे. आई आतून हाका मारत राहायची आणि ही बाहेर चुळा भरत बसायची. म्हातारीला कळायचं नाही, पोरगी येऊनसुद्धा आत का येत नाही."

आत खाटेची करकर झाली. म्हातारीचा थकलेला, थोडा गोंधळलेला आवाज आला.

"शैला? आज पानी नको तुला?"

"नको गं आई. तू उठून बस, केस सोडते."

घाडी ओट्यावरून उठले, न्हाणीपाशी गेले आणि आंघोळीच्या बंबात घालायला लाकडं फोडू लागले.