एकाच दुखण्याचे राज्य

श्री आरोग्यदेवीचे दार स्त्रियांस कोणे दिवशी उघडते हे नक्की ठाऊक नसल्याकारणे, उंबऱ्यावरूनच तिला दंडवत घालून हे वर्तमान लिहिले आहे. शके सतराशे एकोणतीस, प्रभवनाम संवत्सरी, एका थोर राज्यात, ज्याचे नाव घेण्याची आज्ञा नाही, महाराज धर्माने राज्य करीत होते आणि प्रजा सुखी होती, कारण प्रजा सुखी आहे असे दर महिन्यास दफ्तरी लिहिले जात असे. राजधानीत आरोग्यशाळा होती, तिची कमान अशी उंच की हत्तीने अंबारीसह आत जावे, आणि आत वैद्यराज गादीवर विराजमान होत आणि त्यांचे पाठीशी फडताळात एकशे आठ बरण्या होत्या. पुरुषांस हे दार रोज दोन्ही वेळ उघडे असे. स्त्रियांस फक्त गुरुवारी, तेही वैद्यराजांची पूजा आटोपून फराळाचे ताट येईतो जो वेळ उरे तेवढा. आणि स्त्रियांकरिता आणखी एक रीत होती, ती समजल्यावाचून पुढील मजकूर समजावयाचा नाही. रीत अशी की, स्त्रीने आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगू नये. तिने पडद्याआड बसावे, आणि नवरा, बाप, दीर, भाऊ, जो कोणी पुरुष असेल त्याने वैद्यराजांपुढे उभे राहून सांगावे. थोरल्या महाराजांचे कारकीर्दीत एका सरदाराची बायको स्वतःच बोलली आणि ते ऐकून तेव्हाचे वैद्यराज दोन दिवस जेवले नाहीत, तेव्हापासून ही रीत पडली, आणि मग वैद्यांच्या जेवणात पुन्हा कधी खंड पडला नाही.

त्या राजधानीत भिवरा नावाची कासारीण होती. तिचा नवरा लष्कराच्या बाजारात बांगड्या विकीत मुलूखभर फिरे आणि दोन वर्षांतून एकदा घरी येई, आणि शहरातल्या घरोघरच्या लेकीसुनांना बांगड्या भरण्याचे काम एकटी भिवरा करी. राज्यातील बायकांचे मनगट तिच्याइतके कोणीच हाती धरले नव्हते, वैद्यराजांनी तर नव्हतेच. कोणाचा हात सुजून बांगडी चढेना, कोणाचा वाळून बांगडी कोपरापर्यंत मागे जाई, कोणाचा तापाने पोळे, आणि भिवरा विचारी, आणि हात धरून कोणी घडीभर समोर बसले आहे एवढ्यानेच त्या सांगत. बांगडीवाल्या बाईने ऐकून करायचे काय, पण ऐकणारी तेवढी एकच होती. या भिवरेला तानू नावाची लेक, वय वर्षे एकोणतीस, आणि तिचा नवरा महिपत. महिपत जातीचा कासार, पण धंदा जमला नाही म्हणोन सरकारी पागेत घोड्यांच्या चाकरीस राहिला होता. मनाने चांगला, बायकोवर जीव टाकणारा, चार माणसांत मात्र तोंडातून शब्द न फुटणारा असा तो होता.

श्रावणात भिवरा लेकीला बांगड्या भरू लागली तेव्हा तानूने डावा हात वर उचलताना तोंड वाकडे केले, आणि आईने खोदून विचारले, आणि मग कळले की डाव्या थानात गाठ आहे, सुपारीएवढी. अशा गाठी भिवरेने ऐकल्या होत्या, आणि त्या ज्यांच्या होत्या त्यांच्या हातांत पुढे बांगड्या भरायची वेळ आली नव्हती. लष्करात एक जर्राह होता, शस्त्राने गाठी कापून काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्याच्याकडे जाण्यास वैद्यराजांची चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठीस सांगणारा पुरुष लागे. मग गुरुवारी सकाळी तिघे निघाली आणि वाटेत भिवरा जावयाला शिकवू लागली.

"जावईबापू, म्हणा बघू. डाव्या थानात गाठ हाय, दुखत न्हाई पर वाढतीया."

"मामी, रस्त्यात नगं," महिपत म्हणाला.

"रस्त्यात लाज वाटती, तर तिथं पन्नास जणांम्होरं कसं म्हणाल?"

"तिथं म्हणतो."

तिथे रांगेत पन्नास पुरुष उभे होते. ज्याच्या बायकोच्या अंगावरून तीन महिने जात होते तो पुढे झाला आणि म्हणाला, पोटात दुखते. ज्याच्या सुनेचे बाळंतपणात अंग बाहेर आले होते तो म्हणाला, पोटात दुखते. ज्याची लेक लघवीला बसली की किंचाळे तोही म्हणाला, पोटात दुखते. प्रत्येकाला आपली लाज आपल्या बाईमाणसाच्या जिवापेक्षा अंमळ जवळची होती. वैद्यराज न पाहताच मान हलवीत, आणि पहिल्या बरणीतून ओव्याची पुडी देवविली जाई, आणि कारकून वहीत लिही, पोटदुखी. मग महिपत पुढे झाला. त्याच दिवशी पहाटे त्याने पागेतल्या सालोत्र्याला, म्हणजे घोड्यांच्या वैद्याला, घोडे राखणाऱ्या वीस मोतद्दारांदेखत खणखणीत सांगितले होते की अबलख घोडीच्या डाव्या सडाशी गाठ आहे, बोराएवढी, दाबली की घोडी लाथ झाडते. आता त्याने तोंड उघडले, आणि त्याच्या मागेच त्याचा सख्खा मामा उभा होता, आणि महिपत म्हणाला, "तिला जरा... पोटात दुखतं."

पडद्याआड तानूने खाली मान घातली. भिवरेच्याने मात्र राहवेना. "पोटात न्हाई वो," ती आतूनच बोलली, एवढेच. चोपदाराने काठी आपटली आणि पडद्याआडून आवाज आला असे जाहीर केले आणि त्या दिवशीचे स्त्रियांचे काम बंद झाले, आणि मागे बसलेल्या तीस बायका, ज्यांतल्या काही दोन गावे तुडवून आल्या होत्या, भिवरेला बोल लावीत घरी गेल्या. वैद्यराजांना कोणी बोल लावला नाही. पुढल्या गुरुवारी भिवरा घरी बसली आणि महिपत तानूला घेऊन गेला आणि ओव्याची पुडी घेऊन आला. त्यापुढल्याही गुरुवारी तसेच झाले. "काय सांगितलंत?" असे भिवरेने विचारले की तो जमिनीकडे बघे. गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली आणि घरात ओवा मात्र बक्कळ साठला.

मग भिवरेने लाजलज्जा गुंडाळून ठेवली आणि भर दुपारी लेकीला घेऊन पागेत इभ्राम सालोत्र्याकडे गेली. इभ्राम तेव्हा त्याच अबलख घोडीच्या जखमेला हळद आणि तूप लावीत होता, तिची गाठ जर्राहाने पहिल्याच आठवड्यात काढली होती आणि घोडी झकास कडबा खात उभी होती.

"कासारीणबाई, माझा हात घोड्यांचा," तो म्हणाला.

"घोडीचाबी हायच की. एवढं बघा."

इभ्रामने हात धुतले आणि भिवरेदेखत, लुगड्यावरूनच, दोन बोटांनी पाहिले आणि मग काखेत पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. "काखेत उतरलीय बाई. श्रावणात आणली असती तर निघाली असती. अजून आशा सोडू नका, पण आज उद्या नाही, आत्ता कापली पाहिजे."

"मग तुमची चिठ्ठी द्या जर्राहाला. घोडी हाय म्हणून द्या."

इभ्रामने घोडीच्या पाठीवर हात ठेवला. "दिली असती," तो म्हणाला. "पण जर्राह पाय मोजून घेतो. चारांचं मी बघायचं, दोनांचं वैद्यराजांनी." आणि हे बोलताना त्या माणसाचे डोळे भरून आले, आणि राज्यातला तानूला हात लावून पाहणारा तो पहिला आणि शेवटचा वैद्य होय.

इकडे दरबारी काय वर्तले, तर शेजारच्या राज्याचा खलिता आला की, आपल्या मुलखातील स्त्रियांचे आरोग्य कैसे आहे ते कळवावे. महाराजांनी दफ्तर मागविले आणि कारभाऱ्यांनी सात वर्षांच्या वह्या चाळल्या आणि दरबार थक्क झाला. ताप नाही, क्षय नाही, बाळंतरोग नाही, गाठ नाही, सात वर्षांत समस्त स्त्रियांस एकच दुखणे, पोटदुखी. "म्हणजे बाकीचे रोग आपल्या राज्यातून नाहीसे झाले," कारभारी म्हणाले, आणि वैद्यराजांनी नम्रपणे मान लवविली. मग पोटदुखी का होते असा विचार निघाला आणि जाणत्यांनी निर्णय दिला की, बायका फार जेवतात. त्याजवरून हुकूम सुटला की स्त्रियांनी सांजेचे जेवण सोडावे. ज्या घरांत बायकांच्या वाट्याला भाकरीचा खरवडलेला कोरच उरे, त्या घरांतही दवंडी पिटली. आणि वैद्यराजांचा सन्मान करण्याचे ठरले आणि त्या दिवशी राणीसाहेबांस व सर्व मानकरणींस सरकारातून हिरवा चुडा भरावा असेही ठरले, आणि चुडा भरण्यास बोलावणे आले ते भिवरेला.

सन्मानाचे दिवशी दरबार खचाखच भरला. वैद्यराजांस शेला आणि पालखी मिळाली आणि बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड भिवरेने राणीसाहेबांचा हात हाती घेतला. बांगडी घातली ती सरळ खाली घसरून पडली, दुसरी घातली तीही पडली. भिवरेने वर पाहिले.

"आईसाहेब, कुठं दुखतंय?"

"आमचे दुखणे महाराज सांगतात," राणीसाहेब म्हणाल्या.

"काय सांगत्यात?"

"पोटात दुखते म्हणून."

"ते ऱ्हाऊ द्या. दुखतंय कुठं?"

राणीसाहेबांनी इकडे तिकडे पाहिले आणि हळूच कुठे ते सांगितले. मग शेजारची बोलली, मग तिच्या पलीकडची, आणि रेशमात गुंडाळलेल्या त्या चाळीस बायकांत एकीचेही पोट दुखत नव्हते. भिवरेच्या मनात इतका संताप दाटला की हातातली बांगडी मुठीत फुटली. ती तशीच मागल्या दाराने अंगणात गेली. तिथे महिपत मिरवणुकीसाठी शृंगारलेली अबलख घोडी धरून उभा होता. रक्त लागलेली मूठ तिने त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "जावईबापू, मला आत बोलता येत न्हाई. तुम्हांला येतं. आता न्हाई बोललात तर माझ्या लेकीसंगं मलाबी जाळायला या."

महिपतने लगाम दुसऱ्याच्या हाती दिला आणि तो भर दरबारात जाऊन उभा राहिला. "महाराज," तो म्हणाला, "माझ्या बायकोच्या थानात गाठ हाय. पोटात न्हाई. म्या तीनदा खोटं सांगितलं. मला लाज वाटली. घोडीचं सांगताना वाटली न्हाई."

कारभारी छताकडे पाहू लागले आणि वैद्यराज नवा शेला नीट करू लागले. महाराजांनी विचारले, "काय म्हणाला तो?" कारभारी म्हणाले, "पोटाचेच काही बोलला, महाराज." तेव्हा पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, "पोटाचे नाही बोलला." चोपदाराने काठी उचलली, आणि आवाज कोणाचा ते ध्यानी येऊन ती तशीच हवेत धरून ठेवली.

आता काही करणे भाग पडले. म्हणोन स्त्रियांनी आपले दुखणे आपण सांगावे की काय, याचा विचार करण्यास नऊ वृद्ध गृहस्थांची मसलत नेमली गेली, त्यांत स्त्री एकही नव्हती, कारण तिचे मत तिच्या पुरुषाने सांगावे अशी रीत. मसलतीचे पहिले तीन महिने त्या अवयवास कागदोपत्री काय म्हणावे यात गेले. तोवर नवी चिठ्ठी कोणासही देऊ नये असा हुकूम होता. महिपत रोज जाई आणि रोज तो शब्द न लाजता बोले, कारकुनापुढे, चोपदारापुढे, स्वतःच्या मामापुढे, आणि सगळे म्हणत, मसलत चालू आहे. तानूचा हात सुजला आणि भिवरेने आपल्या हाताने भरलेल्या बांगड्या आपल्याच हाताने एकेक फोडून काढल्या. पाचव्या महिन्यात, माघ शुद्ध सप्तमीस, ऊन डोक्यावर असता, तानू वारली. शेवटी ती आईला म्हणाली, "आये, त्यांना बोलू नगंस. ते बोलले नव्हं." भिवरेने जावयाला शब्दाने दुखवले नाही. पण पुढे ती त्याच्या हातचे पाणी प्याली नाही.

आठव्या महिन्यात मसलतीचा निकाल लागला तो येणेप्रमाणे: स्त्रीने आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगावे, परवानगी आहे, मात्र ते खरोखरच दुखते असा तिच्या पुरुषाचा दाखला सोबत असावा. या उदार निकालाबद्दल हत्तीवरून साखर वाटली. आणि महिपत मृत्यूची नोंद करण्यास दफ्तरी गेला आणि त्याने गाठ, काख, श्रावण, माघ, सारे सविस्तर सांगितले आणि कारकुनाने मान हलवीत शेवटपर्यंत ऐकले आणि मग म्हणाला, "खरं आहे बाबा. पण रकाना लहान आहे." आणि लिहिले, पोटदुखी.

भिवरा अद्याप बांगड्या भरते. हात धरते आणि कुठे दुखते विचारते, आणि पोटात म्हटले तर हात सोडीत नाही. सारांश, त्या राज्यातील स्त्रियांस आजमितीस एकच दुखणे आहे, वैद्यराज पालखीत आहेत, आणि स्त्रियांपुरत्या एकशे सात बरण्या अजून भरलेल्या आहेत. तानू, भिवरा कासारणीची लेक, वय वर्षे एकोणतीस, डाव्या थानातील गाठीने वारली. दफ्तरी रकाना लहान, म्हणोन येथे लिहिले.