सातव्या बशीचा वेढा

ज्या पेटीत अहोरात्र पंचवीस अंश उष्मा, काळोख पुरता आणि ओलावा माफक, त्या उबवणपेटीच्या तख्तापुढे प्रथम मस्तक नमवून, औषधी अळंबीच्या तंतूंवर जो प्रसंग गुजरला तो यथास्थित लिहिला जातो. नोंदवहीत जे आढळले आणि फरशी पुसणाऱ्या मावशींनी जे सांगितले, तितकेच घेतले आहे.

प्रयोगशाळेचे मुख्य श्रीमंत सर, त्यांचा अंमल तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक बोळ इतका. त्यांचे पदरी संशोधक ताईसाहेब, कामास खंद्या आणि बोलण्यास भिडस्त. ताईसाहेबांनी तीन वर्षांमागे एका जुन्या झाडाच्या बुंध्यावरून अळंबी हस्तगत केली, मग तिचे कापसासारखे पांढरे तंतू बशीत वाढविले आणि त्यांवरच प्रबंध मांडिला. पुढे ते झाड रस्तारुंदीत पडले. फ्रीजमध्ये राखीव नळ्या होत्या, त्या सरांनी परिषदेस आलेल्या पाहुण्यांस भेटीदाखल वाटिल्या आणि पाहुण्यांनी त्या आपापल्या खिडकीत शोभेस मांडून उन्हात भाजल्या. सबब या वाणाच्या सात बशा काय त्या भूतलावर उरल्या. त्या गेल्या तर प्रबंध बुडाला आणि तीन वर्षे पाण्यात गेली.

रसद चोख होती. बटाट्याचा काढा, साखर आणि तो गोठविणारी अगर नामक पूड एकत्र करून एकशे एकवीस अंशांच्या वाफेत वीस मिनिटे कोंडावे, मग कोमट खाद्य बशांत ओतावे, आणि तंतू पेरून कडेस अशी फीत गुंडाळावी की बाहेरचे वारेही आत न शिरावे, हा शिरस्ता. दारावर सरांचे खासे फर्मान डकविलेले होते, की बशीचे झाकण कोणीही, कोणत्याही सबबीवर उघडू नये.

ऐसे असता एका सोमवारी ताईसाहेबांनी पेटी उघडिली, तो पहिल्या बशीत हिरवी बुरशी उतरलेली. हा गनीम मोठा चपळ. पांढरे तंतू दहा दिवसांत जी मजल मारितात ती हा तीन दिवसांत मारितो आणि वाटेत भेटेल ते गिळितो. बुधवारी आणखी तीन बशा पडल्या, शुक्रवारी पाचवी आणि सहावी पडली, आणि सातवीस अर्ध्यापर्यंत वेढा बसला. ताईसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. घरी आईने विचारिले, तर ‘काही नाही गं’ म्हणून भरले ताट सारून उठल्या.

इकडे सरांनी जातीने चौकशी मांडिली आणि चहा निवण्यापूर्वी निकाल दिला, की हा दगा मावशींच्या फरशी पुसण्याच्या फडक्याचा, सबब मावशींस आजपासून बोळाच्या अलीकडे येण्यास मज्जाव. वीस वर्षे ती फरशी पुसणाऱ्या मावशी भर दरबारी काही बोलल्या नाहीत. मग ताईसाहेब जिन्यात एकट्या भेटल्या, तेव्हा बोलल्या.

“ताई, माझ्या फडक्याला पेटीची कडी काढता येते का? सर येतात रोज सकाळी. एकेक फीत सोडतात, झाकण उचलतात, नाक खुपसून वास घेतात आणि परत लावून ठेवतात.”

“वास कशाला?”

“तब्येत वासावरनं कळते, म्हणाले. म्हटलं, त्यांच्याच बशा आहेत, घेऊ देत.”

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगून तुम्ही काय केलं असतं? त्यांच्यासमोर तुमचा आवाज तरी फुटतो का?”

हे वर्मी लागले, कारण खरे होते. ताईसाहेबांस राग आला तो सरांचा थोडका आणि स्वतःचा पुष्कळ. मग त्यांनी हात स्पिरिटने धुतले, पाते ज्योतीवर लाल केले, निवू दिले, आणि सातव्या बशीच्या ज्या कडेस गनीम अद्याप पोचला नव्हता तेथून मोहरीएवढे तीन तुकडे सोडवून तीन नळ्यांत उतरविले. नळीचे तोंड अरुंद, त्यास कापसाचा बोळा, आणि श्रीमंतांचे नाक तेथे शिरण्याजोगे नव्हते. नळ्या काळ्या कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी गेल्या. वरच्या फळीवर सात नव्या बशा मांडिल्या, त्यांत केवळ खाद्य, बाकी काही नाही, आणि श्रीमंतांनी हुंगलेल्या त्या बशा हिरव्या पडण्याआधी दर संध्याकाळी बदलण्याची तजवीज केली.

चौथ्या दिवशी पहिली नळी हिरवी पडली, पाचव्या दिवशी दुसरी. तिसरीने तग धरिला, आणि बाराव्या दिवशी ती तळापासून बोळ्यापर्यंत पांढरीशुभ्र भरली. ताईसाहेब पेटीपुढे उकिडव्या बसून रडल्या. नेमके तेव्हाच सर आले, त्यांनी वरची बशी काढून हुंगिली आणि मान डोलाविली.

“वा! तंतू जोरात धरलेत. माझं नाक कधी चुकत नाही. मावशींना बाहेर ठेवलं, त्याचा गुण.”

ताईसाहेबांनी डोळे पुसले आणि उभ्या राहिल्या.

“सर, ती बशी रिकामी आहे. बुरशी मावशींनी नाही आणली. तुमच्या वास घेण्यानं आली.”

सरांनी बशी दिव्यापुढे धरिली, मग पुन्हा एकवार हुंगिली, मग जागेवर ठेविली आणि आपल्या खोलीत गेले. दुपारपर्यंत मावशींवरील मज्जाव उठला, त्याचे कारण कोणी लिहिले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती नोंदवहीत ताईसाहेबांच्या अक्षरात दाखल आहे. नळी तिसरी, दिवस बारावा, उष्मा पंचवीस, गनीम निरंक. खबर देणार, मावशी. देखरेख, सर (दुरून).