मनोहरभाऊंची सप्लीमेंट्री

मनोहरभाऊंच्या दुकानात तुम्ही पंपाचा वायसर घ्यायला गेलात आणि सहज "काय भाऊ, कसं काय?" असं विचारलंत, तर उत्तर मिळतं, "काय सांगू बाप्पा, राजाची तलवार सापडून नाही राहिली." नवं गिऱ्हाईक पोलिसात कळवलं का म्हणून विचारतं. जुनं म्हणतं, "सापडन भाऊ, तुमी वायसर द्या."

हा राजा म्हणजे इंग्रजांच्या देशातला आर्थर राजा. तो, त्याचं गोल मेज आणि मेजाभोवतीचे सरदार ही सगळी मंडळी गेली काही वर्षं पांढुर्ण्यात, माझ्या शेजारच्या घरात मुक्कामाला आहेत. मनोहरभाऊ नागपूरला पंपांच्या प्रदर्शनाला गेले आणि पंपाऐवजी एका खेळाचा खोका घेऊन आले. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले सरदार व्हायचं, आणि कोणाचं धाडस फळलं, कोणाचं फसलं हे फाशांनी ठरवायचं. गोष्ट सांगणारे अर्थातच मनोहरभाऊ. दुसऱ्या कोणाला त्यांनी कधी बोलू दिलंय?

खेळासाठी त्यांनी सुताराकडून खास गोल टेबल करून घेतलं. "चौकोनी टेबलाले कोपरा येते," ते म्हणाले, "अन् कोपऱ्यावर बसते तो रुसते."

नियमांचं पुस्तक इंग्रजी, पण भाऊंनी त्याला आपल्याकडचं वळण लावलं. मी "तलवार काढते" म्हटलं की ते बोट रोखतात, "मॅडम, काढून राहिल्या का काढली?" काढून राहिलं असेल तर हात अजून मुठीवर आहे, विचार बदलता येतो. 'काढली' म्हटलं की संपलं, टाका फासे.

या एका प्रश्नावर त्यांची आणि वामनरावांची दर रविवारी जुंपायची. वामनराव सौंसरचे, तहसीलीतून रिटायर झालेले, बसनं यायचे. आवाज खणखणीत. "म्या काढून राहिलो होतो!" ते ओरडायचे. "होतो म्हंजे काढली!" भाऊ त्याहून मोठ्यानं. मी आणि आमचे तिसरे खेळाडू, गल्लीतले होमिओपॅथीचे डॉक्टर, तेवढ्यात वहिनींच्या हातचा चिवडा संपवून टाकायचो.

मागच्या वर्षी वामनरावांना लकवा मारला. पाय सावरला, काठी घेऊन चालायला लागले, पण बोलणं परत येईना. समजायचं सगळं, शब्द तेवढे ओठांपाशी येऊन अडकायचे. त्यांनी येणं सोडलं. आम्ही भेटायला गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून बसले. डॉक्टर लहान मुलाशी बोलावं तसं "छान, छान, फारच छान" म्हणत राहिले. घरचेही प्रत्येक खुणेला "हो हो, तुम्ही म्हणता तसंच" करत होते. मनोहरभाऊ मात्र एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला त्यांचा चांगलाच राग आला.

खेळ बंद पडला. डॉक्टरांनी लोधीखेड्याचा एक हौशी माणूस सुचवला. भाऊ म्हणाले, "जागा खाली नाही." विषय तिथंच मिटला.

आणि मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "सप्लीमेंट येऊन राहिली." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "या वयात? कोणत्या विषयात?" आमच्याकडे शाळेत सप्लीमेंट्री येते ती एखाद्या विषयात गचकलेल्यांना. बातमी गल्लीत फिरली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं भाऊंना धीर दिला, "होऊन जाईन पास, टेन्शन नका घेऊ."

सप्लीमेंट म्हणजे पुरवणी, खेळाला जोडायच्या नव्या मोहिमेचं पुस्तक. भाऊंच्या नजरेत दोन होत्या. पहिलीत आर्थर राजाच्या किल्ल्याला वेढा, तोफेसारखी भाषणं, मारामाऱ्या, दगाबाजी. दुसरीत सरदारांनी मौनाची शपथ घेऊन एक मंतरलेलं रान ओलांडायचं. खेळणाऱ्यांनी बोलायचं नाही आणि गोष्ट सांगणाऱ्यानंही नाही. सगळं चित्रांच्या पत्त्यांनी आणि खुणांनी. तोंडातून आवाज निघाला की मानाची नाणी जप्त. आमच्या टेबलावर नाण्यांच्या जागी चिंचोके चालतात.

एक मोहीम संपवायला आमच्या मंडळाला वर्ष लागतं, तेव्हा दोन्ही घेण्यात अर्थ नव्हता. भाऊ महिनाभर घोळ घालत बसले. पोस्टमनला विचारलं, संत्र्याच्या आडत्याला विचारलं. मला तर गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारलं. म्हणजे विचारलं कसलं, सांगितलं. वेढ्याचीच पुरवणी येणार यात आम्हाला शंका नव्हती.

पार्सल फुटलं. मौनाची निघाली.

"भाऊ, तुम्ही आणि मौन?" डॉक्टर म्हणाले.

"तं? वेढ्यात नुसता आरडाओरडा आहे, डॉक्टर. सभ्य माणसानं कायले ओरडाव?" हे त्यांनी बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

रविवारी ते स्वतः ऑटो करून सौंसरला गेले आणि वामनरावांना घेऊन आले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वामनराव अंग चोरून आपल्या खुर्चीत बसले. भाऊंनी तोंडावर बोट ठेवलं आणि त्या क्षणापासून टेबलाभोवतीचे आम्ही सगळेच मुके झालो.

भाऊंचे हाल बघवत नव्हते. गाल फुगत होते, कपाळाला घाम सुटला होता. त्यांनी नदीचा पत्ता टाकला. वामनरावांनी जरा विचार करून डाव्या हातानं दोराचा टाकला. मग डॉक्टरांना लांडगा दाखवायचा होता. त्यांनी असं काही तोंड केलं की वामनराव खो खो हसले.

भाऊंचा हात पुढं आला आणि वामनरावांचे दोन चिंचोके उचलून गेला.

डॉक्टरांनी हात जोडून खूण केली, जाऊ द्या ना, आजारी माणूस आहे. भाऊंनी साफ मान हलवली. वामनरावांनी चिंचोके हिसकून घेतले. भाऊंनी पुस्तक उघडून नियमावर बोट आपटलं. वामनरावांनी तेच पान फटकन मिटलं. दोघांचे चेहरे लालबुंद. वर्षभर जो तो वामनरावांच्या हो ला हो करत होता. भांडण्याच्या लायकीचं कोणी समजलंच नव्हतं त्यांना. मला भरून आलं. रडताना आवाज निघाला तर आपलेही चिंचोके जातील म्हणून मी पदर तोंडात धरला.

संध्याकाळी वामनराव निघाले ते वादाचे दोन्ही चिंचोके खिशात घालून. शपथ सुटली होती. "चोट्टा!" भाऊ रस्त्यात येऊन गरजले. "येत्या रविवारी आणून दे!" वामनरावांनी ऑटोतून नुसती काठी उगारली.

ऑटो वळणाआड गेला तरी भाऊ तिथंच उभे होते. मग हळूच म्हणाले, "येईन ना तो, मॅडम?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला खरोखर विचारलेला हा पहिला प्रश्न.

"येतील की. चिंचोके परत करायचेत ना त्यांना."

"चिंचोके काय, झाडाखाली पडून राहते," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून घरालगतच्या दुकानाचं शटर ओढायला लागले. रविवार होता, शटर सकाळपासून ओढलेलंच होतं.