साहेबांचा फोटो जरा बारीक करा

सिरसाळ्याच्या बाजारात सतीशचं बॅनरचं दुकान होतं. फोटो कापणं, चेहरे उजळणं हे काम त्याची बायको पंचशीला करायची. जुना कॉम्प्युटर एवढा सुस्त, की एक फोटो इकडचा तिकडं सरकवायला सांगून गिऱ्हाईक भाजी घेऊन यायचं. शेवटी सतीशने बीडहून नवी एसएसडी अन् जास्तीची रॅम आणून बसवली. सकाळी पहिलीच मोठी फाइल बटण दाबताच उघडली, तसा तो चहाच्या टपरीवर जाऊन ओरडला, "आता कायबी बदल सांगा, मिंटात करून देतो!"

पंचशीलाने कपाळावर हात मारला. "तुमी कावून सांगितलं? आता बघा."

त्या दिवशी पुढारी अमरसिंह साहेबांचा वाढदिवस होता, संध्याकाळी ते चौकात येणार होते. चौकातल्या बॅनरची ऑर्डर त्यांचा कार्यकर्ता बजरंग याने दिली होती. मधोमध साहेब, खाली शुभेच्छुक एकटा बजरंग. टपरीवरची बातमी ऐकून आधी साहेबांचे दुसरे कार्यकर्ते बबनराव आले.

"वहिनी, मला बजरंगच्या वर घ्या. किती वेळ लागंल?"

"झालं," पंचशीला म्हणाली. खरंच झालं होतं.

बजरंगला कळलं. तो धावत आला आणि बबनरावांच्या वर गेला. बबनराव परत त्याच्या वर चढले. तेवढ्यात मुंजाजी गॉगलवाला फोटो घेऊन हजर.

"जागा न्हाई हो आता," पंचशीला म्हणाली.

"साहेबांचा जरा बारीक करा की. साहेबांना कोण वळखत न्हाई?"

हे सगळ्यांनाच पटलं.

दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणाला मिशी काळी हवी होती. कुणाला बॅनरमधून मेव्हणा काढायचा होता आणि मेव्हणा शेजारीच उभा होता. ज्याचं काम झालं तोही हटेना. "आता जरा हसरा लावा" म्हणायचा. दर नव्या डोक्याला साहेब आणखी थोडे आकसायचे. सतीश दारात येरझाऱ्या घालत होता, छपाईचं मशीन रिकामं बसलं होतं. साहेब धर्मापुरीहून निघाल्याचा फोन आला, तरी वरचा खाली, खालचा वर चालूच.

पंचशीलाने माउस आपटला. "आता जो बदल सांगंल, त्याचाच फोटो काढून टाकीन!"

दुकान चिडीचूप. त्या शांततेत सतीशने न बघताच फाइल मशीनला दिली.

बॅनर चौकात चढलं तेव्हा कुठं सतीशने मान वर केली. नुसती डोक्यांची दाटी. साहेब खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढे.

"उतरवू का गं?"

"कसं उतरवता? गाडी आली बघा."

गाडीने हॉर्न दिला. कुणी वळलंच नाही. सगळे रस्त्याकडे पाठ करून बॅनरवर आपापलं तोंड शोधत होते. साहेब उतरून चालत आले. मुंजाजीने गॉगल नीट करत, मागे न बघताच मोबाइल त्यांच्या हातात कोंबला.

"दादा, फोटो काढा की जरा. वरचा मी अन् खालचा मी, दोनी येऊ द्या."

तो वळला आणि जागीच थिजला. सतीश विजेच्या खांबामागे सरकला. साहेबांनी मात्र मोबाइल डोळ्यांसमोर धरला होता.

"डावीकडं सरक बे," ते म्हणाले. "तुझ्यामागं मी झाकलोय."