दादाजींच्या धोतराचं प्रतल

"उद्याची तोंडी परीक्षा? कोहळ्यासारखी फाडतो, दादाजी!"

एकाहत्तर सालच्या एका सकाळी रविंद्रनं घरमालकांना हे छाती ठोकून सांगितलं. छाती शरीराच्या पुढच्या बाजूला असते, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. त्यापलीकडचं सगळं संशयास्पद!

डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षाला तो एकदा आपटला होता. रामटेकहून वडिलांचा, म्हणजे चंपतरावांचा, निरोप आला होता, "पुन्हा आपटलास तं नांगर तयार आहे." आणि रविंद्रचं घोडं अडलं होतं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर. तिथं माणूस कापायचे तीन मार्ग दिले होते. सॅजिटल प्रतलानं उजवा-डावा वेगळा होतो, कोरोनलनं पुढचा-मागचा आणि ट्रान्सव्हर्सनं वरचा-खालचा. वाचताना सगळं समजायचं. पुस्तक मिटलं की त्या माणसाचा चिवडा व्हायचा!

दुपारी अंगणात दादाजींचं धोतर वाळताना दिसलं आणि त्याला युक्ती सुचली. प्रतल एकदा डोळ्यांनी बघितलं, की विसरायची काय बिशाद?

"दादाजी, हे टोक तुम्ही धरा. सिंधूताई, ते तुम्ही. ताणून! माझ्या नाकाला टेकू द्या. आता हे धोतर माझ्या दोन्ही कानांतून आरपार गेलं असं समजायचं."

"अन् तू मेला तं?" सिंधूताईंनी नवऱ्याकडे, म्हणजे दादाजींकडे, बघत विचारलं.

"समजायचं म्हटलं ना ताई! आणि काही झालं तरी सोडू नका."

मग तो पुस्तकातल्या माणसासारखा ताठ उभा राहिला. पाय जुळलेले, नजर समोर, दोन्ही तळवे पुढे. जणू आता कुणी दक्षिणाच देणार!

तेवढ्यात चारुशीला आली. वर्गात पहिली येणारी ही मुलगी रविंद्रकडून अभ्यासाला नेलेलं मांडीचं हाड परत करायला आली होती.

"हे काय चाललंय?"

"कोरोनल!" धोतरामागून उत्तर आलं.

चारुशीला समोर येऊन उभी राहिली आणि गंभीरपणे निरखू लागली. "दादाजी, तुमची बाजू उतरलीय. वर घ्या. अजून थोडी."

नेमकी याच वेळी शेजारच्या कांताबाईंनी सिंधूताईंकडून आणलेले तांदूळ सुपात निवडता निवडता भिंतीवरून डोकं काढलं. इकडे पोरगा, तिकडे पोरगी, मधे पांढरं वस्त्र, दोन्ही टोकांना वडीलधारी!

"सिंधूताई! पोट्ट्याचं लग्न लावून राहिली, अन् आमाले पत्ता नाही?"

"लग्न नाही वं, अभ्यास आहे!"

"हाव! माह्या नवऱ्यानंही असाच अभ्यास केला होता!"

कांताबाईंचं मन लोण्याचं. पोरांच्या घरच्यांचा विरोध असणार, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि डोळे पुसत सगळ्या गल्लीला हाक मारली. क्षणात अंगण भरलं. रविंद्र "नाही, नाही!" ओरडत होता, पण नवरदेव लाजला म्हणून बाया आणखीच खूश! कांताबाईंनी मंगलाष्टकं सुरू केली. सूर पार शहराच्या टोकाला, कळमन्यापर्यंत गेला असेल.

"शुभमंगल सावधान!"

दादाजींनी आयुष्यभर गल्लीतल्या प्रत्येक लग्नात अंतरपाट धरलेला. तो शब्द ऐकला आणि त्यांचे हात आपोआप खाली आले. धोतर पडलं! कांताबाईंच्या सुपातले तांदूळ रविंद्रच्या डोक्यावर पडले! आणि समोर हारासारखं हाड उचलून चारुशीला उभी!

तिच्यामागे, फाटकात, पोराच्या परीक्षेसाठी प्रसाद घेऊन आलेले चंपतराव.

"मी तुले डाक्टर व्हाले धाडलं!" ते पुढे आले. पोराच्या केसांतला एक दाणा उचलून त्यांनी दाताखाली फोडला. "अन् हे तांदूळ तं माह्याच वावरातले! दादाजीले पोतं पाठवलं, ते याच्यासाठी?"

"बाबा, लग्न नव्हतं! कोरोनल होतं!"

चंपतरावांनी चारुशीलेला न्याहाळलं. "हे कोण्या गावचं नाव गा?"

रविंद्र रडकुंडीला येऊन अभ्यास, अभ्यास म्हणत राहिला.

"अभ्यास होता? मंग मले शिकव. इथंच! नाही जमलं तं संध्याकाळच्या गाडीनं चाल घरी."

रविंद्रनं बापाला उभं केलं. तळवे पुढे वळवले. धोतर पुन्हा ताणलं गेलं.

"हे कोरोनल. तुमचं पोट इकडे, पाठ तिकडे. आता धोतर नाकासमोरून डोक्यामागे न्या. हे सॅजिटल. उजवे चंपतराव वेगळे, डावे वेगळे."

"अन् मिशी?"

"अर्धी-अर्धी. आता कमरेशी आडवं धरा. ट्रान्सव्हर्स! वर टोपी, खाली वहाणा."

"तिन्ही बरोबर," चारुशीला म्हणाली.

आठ तुकडे झालेले चंपतराव तृप्त दिसले. "शीक गा. नांगर मी पाहून घेतो." मग त्यांनी गल्लीकडे बघितलं आणि चारुशीलेकडे वळले. "पण एवढ्या बाया गाऊन बसल्या, पोरी. तुह्यं काय म्हणणं?"

चारुशीलेनं हाड रविंद्रच्या हातात दिलं. "आधी याला पास होऊ द्या, काका," म्हणाली आणि हसून फाटकाबाहेर गेली.

रविंद्र उड्या मारतच खोलीत गेला. आता पास व्हायचंच! त्यानं पुस्तक उघडलं. पानावरचा माणूस तळवे पुढे करून उभा होता. पण त्याच्या तिन्ही प्रतलांत रविंद्रला एकटी चारुशीलाच दिसत होती, आणि परीक्षक तिच्याबद्दल काही विचारतील, ही शक्यता फारच कमी होती!