मानाच्या पाटाखालचं वर्तुळ

हरतालिकेच्या सकाळी भाई मेस्त्रींनी पहिला गणपती पाटासकट उचलायला लावला आणि पाटाखालचं नाव वाचायला मान वाकडी केली. तिथे नाव नव्हतं. खडूने काढलेलं एक वर्तुळ होतं. दुसऱ्या पाटाखालीही वर्तुळ. तिसऱ्याखालीही तेच.

बाहेर अर्धं आचरं गाव गणपती न्यायला उभं होतं. प्रत्येकाने आपापल्या दिवशी घरचा पाट भाईंच्या गणपतीच्या शाळेत आणून द्यायचा, खाली खडूने नाव घालायचं आणि भाईंनी त्याच पाटावर मूर्ती घडवायची, ही बापजाद्यांपासूनची चाल. मूर्ती सगळ्या एका उंचीच्या, एका घाटाच्या. पाट मातीने आणि रंगाने असे माखलेले, की घरच्यांनीही ओळखू नयेत. नावं पुसली गेली म्हणजे बत्तीस गणपती बेवारशी.

"गुरुदासाऽऽ!" भाई गरजले.

गुरुदास शिंपी. वय छत्तीस. पावसाळ्यात शिलाईला गिऱ्हाईक नसतं म्हणून दोन वर्षं शाळेत राबत होता, आणि त्याला एकच ध्यास होता: गणपतीचे डोळे आखायचे. भाई त्याला माती तुडवायला देत, डोळ्यांचा कुंचला मात्र देत नसत.

"ह्या काय रे मेल्या?"

"वर्तुळां. तुमीच सांगलात, रोज सकाळी आदी हात मोकळो करूचो. शंभर रेघो, मगे शंभर वर्तुळां."

"पाटाखाली काढ म्हणान सांगलंय?"

"मगे खंय काढू? यंदा पाटी फुटली, कागद पावसान मऊ. नव्याण्णव जमिनीर काढी आणि शेवटचा त्या दिसाक इलेल्या पाटार. तेवढोच सुको."

"आणि नावां?"

"ती पुसलंय. तुमच्या वहीत आसतली, असा माका वाटला."

"माजी वही तीच होती! पाटाखाली!"

आता गुरुदासही भडकला. खरं सांगायचं तर त्याला तो हक्क होता. दोन वर्षं माणसाकडून वर्तुळं काढून घ्यायची आणि एकदाही बघायची नाहीत, याला काय शिकवणं म्हणतात?

तेवढ्यात गावचे मानकरी हरिश्चंद्र गावकर आत घुसले. "भाई, माजो गणपती खंय आसा?"

"ह्यांतलोच एक."

"एक म्हणजे? दुसऱ्याच्या पाटावरचो देव माज्या घरात?"

बाहेर ही बातमी पोचली आणि एकच गिल्ला झाला. शेवटी गुरुदासच ओरडला, "थांबा! रोज एक पाट इलो, रोज एक वर्तुळ काढलंय. पयल्या दिसाचा वाकडा, कित्या तर वर्सभर हातात सुई; शेवटचा बरा. वर्तुळां बघून पाट ओळीन लावा. कोण कोणामागसून इलो, ता तुमका ठावक आसा."

पण ते पारखणार कोण? भाईंशिवाय तसा डोळा कोणाला होता? दोघांनी पाट उचलून धरायचा आणि भाईंनी खाली आडवं होऊन बघायचं, असं सुरू झालं.

"ह्यो बटाटो," भाई खालून म्हणाले. "ह्या अंडा. ह्या जरा बरा."

एका पाटाखाली मात्र ते बराच वेळ पडून राहिले.

"कंपास लावलंस?"

"कंपास आसतो तर दोन वर्सां माती कित्या तुडवली आसती?"

ओळ बरोबर लागली. बटाटा गावकरांचा ठरला, कारण गावात मानाचा पाट पहिला, त्याच्या आधी कोणाचा यायचा नाही. सगळ्यांत गोल वर्तुळ शेवटी पाट आणणाऱ्या लवूचं. गावकरांच्या आनंदीबाई वाकून पाहत होत्या. "मानकऱ्याच्या पाटाखाली बटाटो, आणि त्या लवूच्या पाटाखाली पुनवेचो चंद्र?" त्या फणकारल्या आणि तशाच घरी निघून गेल्या.

शाळा रिकामी झाली. भाईंच्या घरचा गणपती तेवढा उरला. गावाचे सगळे झाल्यावर घरच्याचे डोळे, अशी त्यांची रीत होती. त्यांनी गुरुदासकडे न बघताच कुंचला पुढे केला.

"घे. आदी हात मोकळो कर."

गुरुदासचे डोळे भरून आले. तरी त्याने खडूने जमिनीवर एक गोल वर्तुळ काढलं आणि मग मूर्तीचा पहिला डोळा आखला.

पुढच्या वर्षी नागपंचमी उलटली तरी शाळेत एकही पाट आला नाही. भाई संतापून लवूच्या दारात गेले.

"पाट कित्या नाय हाडलंस?"

"मानाचो आदी येवक नको?" लवू म्हणाला.

भाई तरातरा गावकरांकडे गेले. पडवीत पाट घासूनपुसून ठेवला होता, तोही पालथा. शेजारी आनंदीबाई बसल्या होत्या.

"सगळ्यांचे जावंदेत," त्या म्हणाल्या. "आमचो पाट यंदा शेवटाक."